कानबाई तुझी कोण लागते?

‘७५ टक्के हजेरी नसलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेस बसता येणार नाही’ अशी पाटी आमच्या कॉलेजच्या कार्यालयाबाहेर लावली आहे. ज्याने ती लावली त्याला आजोळ, सासर, कुलदैवत आणि मित्र यांपैकी काहीही नसावं. नाहीतर तो नंदुरबार जिल्ह्यातला तरी नसावा. १ जुलै १९९८ ला आमचा जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला तेव्हा सहा तालुके वाट्याला आले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे आपलं धडगाव. वाटणीत देवही आले, ते मात्र कुणी मोजून घेतले नाहीत. तापीकाठचे वेगळे, सातपुड्यातले वेगळे, आणि गुजरातच्या हद्दीत राहून आमच्याकडचे नारळ घेणारे वेगळे. सगळे जागृत. पण यात्रेची तारीख ठरवताना एक जण दुसऱ्याला विचारेल तर शपथ.

नंदुरबारातल्या माझ्या खोलीत आम्ही चौघं राहतो. चौघांनाही आईबापांनी रीतसर नावं ठेवलेली आहेत, पण ती आधार कार्डापुरती. खोलीत सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारतात. ‘नवापूर अंघोळीला गेलाय.’ ‘काठीला ताप आलाय.’ ‘अक्कलकुव्याने माझा चार्जर नेला.’ घरमालकीण काकू सुरुवातीला दाराशी थबकून ऐकायच्या. एकदा मी ‘नवापूर अजून पडूनच आहे’ असं फोनवर सांगताना त्यांनी ऐकलं आणि घरात जाऊन बातम्या लावल्या. आमच्यातला काठी अंगाने ओंडका आहे, पण अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाजवळच्या एका पाड्यावरचा, त्यामुळे इलाज नाही. मी प्रकाशा. रात्री दिवा घालवायचं काम म्हणून माझ्याकडे. ‘प्रकाशा, उजेड घालव.’ हा विनोद रोज रात्री होतो आणि नवापूरला रोज रात्री नव्याने हसू येतं.

घर इतकं जवळ असताना मी खोली का घेतली, असं लोक विचारतात. घरी अभ्यास होत नाही, असं मी सांगतो. इथे काय होतं ते कुणी विचारत नाही.

प्रकाशा म्हणजे दक्षिण काशी. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर, संगमेश्वर, घाट, सगळं आहे. पन्नासच्या दशकात पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे माझ्या गावात माणसं हजारो वर्षांपासून नांदताहेत. कॉलेजात मात्र गावाचा एकच उपयोग ठाऊक आहे. कुणाचेही आजोबा वारले की पहिला फोन मला. ‘प्रकाशा, अस्थी घेऊन येतोय. गाडी कुठे लावू? भटजींचं काय ठरवायचं? दहाव्याला कावळा लवकर शिवतो ना तिकडे?’ मी वयाच्या विसाव्या वर्षी या विषयात जाणकार झालो आहे. वर्गातल्या मुली माझ्याशी बोलायला येतात तेव्हा त्यांच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं.

आता सर. सर सांगलीकडचे, आम्हाला संख्याशास्त्र शिकवतात, आणि तासिका तत्त्वावर आहेत. हे शेवटचं महत्त्वाचं. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितक्या तासांचं मानधन. वर्ग रिकामा म्हणजे तास बुडाला, तास बुडाला म्हणजे पैसे बुडाले. त्यामुळे इतर प्राध्यापकांना आमची हजेरी ही शिस्तीची बाब वाटते, सरांना ती किराण्याची बाब वाटते. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, ‘कारण असेल तर अर्ज द्या. लेखी. कारण योग्य असेल तर मी समजून घेईन. मी काही राक्षस नाही.’

हे ऑगस्टमध्ये म्हणाले. श्रावणात. खानदेशात.

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. माझा अर्ज त्यांच्या हाती पडलेला पहिला.

‘कोण बाई?’

‘कानबाई, सर.’

‘तुझी कोण लागते?’

‘देवी आहे, सर. तिचं लग्न असतं.’

‘कुणाशी?’

‘कन्हेरशी.’

सरांनी चष्मा वर केला. ‘बरं. लग्न एकदाचं होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी सुट्टी मिळणार नाही.’

‘दरवर्षी असतं, सर.’

‘त्याच नवऱ्याशी?’

मी रोटांचं समजावायचा प्रयत्न केला. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. म्हातारा असो, पाळण्यातलं पोर असो, सुरतेला कामाला गेलेला असो, गहू मोजले जातात. त्याचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदकीने खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिला सजवतात. रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन नदीवर निघतात. म्हणजे घरी माझी हजेरी गव्हात लागते आणि ती गैरहजर असली तरी शिजते. आजीने फोनवर विचारलंच होतं, ‘तू उना नही ते तुना नावना रोट कोन खाई?’ या प्रश्नाला सांगली जिल्ह्यात उत्तर नाही.

‘रविवारचा सण. सोमवारी विसर्जन. मग तू बुधवारी का उगवलास?’ सरांनी नंतर विचारलं.

‘रोट संपायला हवेत ना, सर. बाहेर देता येत नाहीत.’

‘आणि फेकून?’

वर्गातल्या सगळ्या खानदेशी पोरांनी एकदम श्वास आत घेतला. त्यानंतर सरांनी असा प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

अर्ज मात्र वाढत गेले, तेव्हा कार्यालयाने नियम काढला की अर्जासोबत पुरावा जोडावा. आता देवाच्या कामाचा पुरावा कुठून आणायचा? देव शिक्का देत नाही. पोरांनी आपापल्या बुद्धीने मार्ग काढले. कुणी एसटीचं तिकीट जोडलं, कुणी मांडवाखालचा फोटो, कुणी कपाळावरचा टिळा न पुसता स्वतःलाच जोडून घेतलं. एकाने अर्जाला खोबऱ्याचा तुकडा टाचणीने टोचला आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘सोबत : प्रसाद (एक).’ अर्ज मंजूर होऊन परत आला तेव्हा टाचणी होती. खिडकीतल्या भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले, ‘पडताळणी करावी लागते.’ त्यानंतर भाऊसाहेबांच्या टेबलावर अर्जांपेक्षा पुरावेच जास्त यायला लागले आणि पेढ्याच्या अर्जांना तत्काळ, खोबऱ्याच्या अर्जांना दोन दिवस, नुसत्या फोटोच्या अर्जांना ‘उद्या या’ असा क्रम आपोआप पडला.

सरांनी मग संख्याशास्त्राचा आधार घेतला. एक मोठा तक्ता करून त्यात त्यांनी वर्षाचे सगळे दिवस आखले आणि आमच्याकडून सण भरून घेतले. उद्देश असा की वर्गातला प्रत्येक विद्यार्थी हजर असण्याची शक्यता जास्तीत जास्त आहे असा एक तरी दिवस शोधायचा. सप्टेंबरचा रकाना गणपतींनी संपला. आमच्या नंदुरबारचे मानाचे गणपती म्हणजे दादा आणि बाबा. विसर्जनाच्या दिवशी दोघांची हरिहर भेट होते आणि ती बघायला शहर लोटतं. परीक्षा जवळ आली की पोरांचा घोळ होतो. नवस दादाकडे बोलायचा की बाबाकडे? ‘थेट बाबाला सांगितलं आणि दादाला राग आला तर?’ शेवटी घरच्याप्रमाणेच करायचं ठरतं. खर्चाची गोष्ट बाबाच्या कानावर घालायची, नापासाची आधी दादाला सांगायची.

डिसेंबरमध्ये सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा. तापीकाठी एकमुखी दत्त आणि देशभरातून आलेला घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा. किमती लाखांत. दर्शन पाच मिनिटांत होतं, घोडे बघायला दिवस पुरत नाही. खिशात वडापावचे पैसे ठेवून आम्ही गंभीर चेहऱ्याने घोड्याभोवती फिरतो, पायाकडे बघून मान हलवतो आणि ‘फायनल किती?’ असं विचारतो. त्या वर्षी सरही आले होते. त्यांनी एका देखण्या घोड्याची किंमत विचारली. मालकाने सरांकडे नखशिखान्त पाहिलं आणि शेजारच्या तट्टाची सांगितली.

तक्त्यातला सर्वांत अवघड दिवस महाशिवरात्रीच्या सुट्टीनंतरचा. काही पोरं सात पायरी घाट चढून तोरणमाळला गोरखनाथाच्या यात्रेला. काही देवमोगऱ्याला. याहामोगी माता आमच्या आदिवासी भावंडांची कुलस्वामिनी, तिचं ठाणं गुजरातच्या सागबारा तालुक्यात. नव्या बांबूच्या टोपल्यांत पूजेचं सामान घेऊन, ढोल वाजवत माणसं निघतात. आणि उरलेली पोरं माझ्या गावी, केदारेश्वराला. काठीने सरांना फार चांगलं समजावलं होतं. ‘सर, आमची देवी गुजरातेत, विद्यापीठ जळगावात, खोली नंदुरबारात आणि घर डोंगरात. आम्ही नक्की कुठे गैरहजर असतो ते आम्हालाच कळत नाही.’ नवापूरला यात काही नवल वाटलं नाही. त्याच्या रेल्वे स्टेशनाची हद्दच अर्धी महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत आहे. एका बाकावर बसून दोन राज्यांत वाट बघता येते.

पण त्या दिवशी सर वर्गात गेलेच. तासाची नोंद व्हावी म्हणून. आतमध्ये एक मुलगा होता. सर आनंदले. तो म्हणाला, ‘मी बॅग विसरलो होतो, सर.’

आता खोलीतल्या धर्मव्यवस्थेविषयी. ती डब्यावर चालते. चौघांचा मिळून एक डबा लावलेला आहे आणि महिन्याचे पैसे ठरलेले आहेत. मावशी चार माणसांच्या पोळ्या पाठवतात, कोण जेवलं कोण नाही हे त्या बघत नाहीत. साहजिकच दुसऱ्याच्या उपासाविषयी आमच्या मनात फार आदर आहे. नवापूर चर्चच्या उपवास-प्रार्थनेला जाणार म्हटलं की मी त्याला दारापर्यंत सोडायला जातो. माझा सोमवार मी विसरलो तर काठी आठवण करून देतो. ‘आजीला काय वाटेल?’ असं तो म्हणतो आणि माझ्या वाटच्या पोळीवर तूप वाढून घेतो. ज्या दिवशी चौघांपैकी एकाचाही उपास नसतो त्या दिवशी आमच्याकडे दुष्काळ पडतो.

नवापूर जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतो. तेवढ्या वेळात भाजीतले बटाटे कमी होतात. हे लक्षात आल्यावर त्याने प्रार्थना लहान केली. मग एक डोळा उघडा ठेवायला लागला. आता तो ताट उचलून मांडीवर घेतो, दोन्ही हातांनी झाकतो आणि निवांत दोन्ही डोळे मिटतो. म्हणतो, विश्वास परमेश्वरावर ठेवायचा असतो, माणसांवर नाही.

रमजान गेल्या काही वर्षांत सरकत सरकत होळीपाशी आला आहे. अक्कलकुवा रोजे धरतो. पहाटे सहरीला उठायचा त्याचा गजर इतका मोठा की तिघं जागे होतात आणि तो झोपलेलाच राहतो. मग आम्ही त्याला हलवून उठवतो. उठलोच आहोत तर चार घास आपणही खाऊ, असं पहिल्या दिवशी ठरलं. रोजा त्याचा, सहरी चौघांची. दुपारी आम्ही पुन्हा जेवायचो. संध्याकाळी इफ्तारला त्याच्यासोबत खजूर, भजी, सरबत घ्यायचो, कारण मित्राला एकटं कसं सोडायचं? महिनाभरात त्याचं वजन उतरलं आणि आमची तिघांची पँट शिवणीला आली. ईदच्या दिवशी त्याच्या अम्मीने आम्हाला घरी बोलावून कौतुकाने विचारलं, ‘तुम भी रखते थे क्या?’ काठी म्हणाला, ‘हो, सकाळचा.’

त्याच दिवसांत काठीची पाळणी आली. काठी गावाची राजवाडी होळी १२४६ पासूनची सांगतात. उंच बांबू आणायचा, त्याच्यासाठीचा खड्डा कुदळीने नाही, हातांनी खणायचा. रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. बावा, बुध्या होऊन नाचायचं ज्यांनी ठरवलेलं असतं त्यांना आधी काही दिवस पाळणी पाळावी लागते. जमिनीवर झोपायचं, खाटेवर बसायचं नाही, अंघोळ करायची नाही. हे ऐकून मी म्हणालो की हे तर आपण परीक्षेच्या आठवड्यात एरवीही करतो. काठीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप त्याची सतरंजी झटकून दिली.

अडचण कॉलेजात आली. खाटेवर बसायचं नाही, पण बाकाचं काय? बाक ही खाट आहे का? खोलीत यावर रात्री बारापर्यंत खल झाला. अक्कलकुव्याचं मत, ज्यावर झोपता येतं ती खाट. नवापूर म्हणाला, मग सरांच्या तासाला बाक ही खाटच आहे. हा युक्तिवाद बिनतोड ठरला आणि दुसऱ्या दिवशी काठी वर्गात खाली, फरशीवर बसला. सर हजेरी घेताना थांबले.

‘हा मुलगा खाली का बसलाय? शिक्षा कुणी केली?’

‘पाळणी आहे, सर.’

‘कुणाची?’

‘होळीची. पाच-सहा दिवस.’

सरांनी थोडा विचार केला. मुलगा बाकावर नसला तरी वर्गात आहे. हजेरीपटावर त्यांनी ‘ह’ लिहिलं, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘खाली’. काठीच्या अंघोळीचा प्रश्न मात्र तिसऱ्या दिवशी उपस्थित झाला. सर फळ्याच्या जवळ, अगदी चिकटून शिकवू लागले.

पुढे होळी संपून काठी येईना. कारण होळी एक नसते. काठीची झाली की दुसऱ्या गावाची, मग तिसऱ्या. प्रत्येक गावाने आपला दिवस धरलेला, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता यावं. काठी परतला तेव्हा त्याच्या कानामागे अजून पांढरे ठिपके होते आणि कमरेच्या घुंगरांचा आवाज त्याच्या चालण्यात राहिला होता. फोटोत तो ओळखू येत नव्हता. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर नक्षी, कमरेला सुके दुधी आणि घुंगरं. हाच माणूस मराठीच्या तोंडी परीक्षेत घाबरून स्वतःचं आडनाव विसरला होता, हे सांगून खरं वाटलं नसतं. तो फोटो त्याने अर्जाला पुरावा म्हणून जोडला. भाऊसाहेब म्हणाले, ‘हा तूच आहेस याचा पुरावा आण.’

नमस्काराचं एक वेगळंच त्रांगडं आहे. आमच्या जिन्यावर एका मजल्यात राम राम, जय भीम, जय आदिवासी, सलाम, जय श्रीकृष्ण, दंडवत प्रणाम आणि ‘प्रभूची स्तुती असो’ एवढं सगळं भेटतं. माणूस बघून चटकन योग्य ते म्हणावं लागतं. सकाळी घाईत मला ते जमत नाही. मी एका महानुभाव मित्राच्या वडिलांना सलाम केला आहे आणि अक्कलकुव्याच्या मामूंना दंडवत प्रणाम. दोघांनीही हसून तेच परत केलं. तळोद्याकडचा एक मुलगा आप धर्मातला आहे. मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात दारू सोडा, स्वच्छ राहा असं सांगत डोंगरातली माणसं एकत्र केली. त्यांचे अनुयायी लहानमोठ्यांना ‘आप’ म्हणतात. हा मुलगा आमच्या खोलीत येतो तेव्हा सगळ्यांची भाषा बिघडते. एरवी खोलीतल्या ज्या मित्राला आम्ही आईवडिलांच्या उल्लेखाशिवाय हाक मारत नाही, त्याला मी एकदा विचारून बसलो, ‘आप, माझा टॉवेल आपण वापरलात काय?’ त्यानेही ओशाळून धुऊन दिला.

सरांचा तक्ता मार्चअखेर पुरा झाला. त्यांनी तो वर्गात भिंतीवर लावला. ज्या दिवशी सगळा वर्ग हजर असण्याची शक्यता सर्वांत जास्त तो दिवस त्यांनी लाल शाईने गोल केला होता. तो कुठल्याच देवाचा नव्हता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती ती. त्या दिवशी खरंच सगळे आले. फक्त वर्गात नाही. समोरच्या सायबर कॅफेत.

शिष्यवृत्तीचं पोर्टल शेवटच्या दिवशी कसं चालतं हे ज्याने बघितलं नाही त्याने भक्ती बघितलेली नाही. सकाळपासून स्क्रीनवर एक गोल फिरत होता. कॅफेवाल्याने संगणकाच्या डोक्यावर लिंबू-मिरची बांधलेली होती आणि भिंतीवर सर्व धर्मांचे फोटो, कारण गिऱ्हाईक सर्व धर्मांचं. माझा, नवापूरचा, अक्कलकुव्याचा अर्ज संध्याकाळपर्यंत गेला. काठीचा राहिला. त्याचा आधार क्रमांक जोडलेला वडिलांच्या मोबाइलला, वडील पाड्यावर, आणि पाड्यावर रेंज नाही. रेंज आहे ती टेकडीवर, एका मोहाच्या झाडाखाली. ओटीपी दहा मिनिटं टिकतो. टेकडी चढायला पाऊण तास लागतो. म्हणून काठीचे वडील दुपारीच भाकरी, पाण्याचा कॅन आणि आकडे वाचता येणारं शेजारचं पोरगं घेऊन वर जाऊन बसले होते.

गोल फिरत राहिला. रात्रीचे दहा वाजले. नवापूरने दोन्ही डोळे मिटले, ताट नसताना. अक्कलकुवा ओठातल्या ओठात पुटपुटू लागला. मी केदारेश्वराला अभिषेक बोललो. काठीने देवमोगरा मातेला कोंबडा कबूल केला. कॅफेवाला म्हणाला, ‘दादा-बाबालाही सांगून ठेवतो, आपल्या ओळखीचे आहेत.’ एवढ्यात गोल थांबला आणि ओटीपी गेला. काठीने फोन लावला.

‘आला!’ तिकडून पोरगं ओरडलं. ‘चार. शून्य. सात. सात. दोन...’

‘शेवटचा?’

‘सहा.’ मग थोडा वेळ वारा. ‘का नऊ?’

‘नीट बघ!’

‘इकडून सहा दिसतो. काका बसलेत तिकडून नऊ.’

फोनवर वडील आणि पोरगं यांच्यात त्यांच्या भाषेत काही वेळ मतभेद चालला. आठ मिनिटं झाली होती. काठीने देवीचं नाव घेऊन सहा टाकला. चुकला. मग कुणाचंच नाव न घेता नऊ टाकला आणि अर्ज गेला. कॅफेत जो जल्लोष झाला तो ऐकून रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, कुणाची मिरवणूक आहे?

श्रेय कुणाचं यावर रात्रभर वाद झाला. नवापूरचं म्हणणं, गोल थांबला तेव्हा डोळे त्याचे मिटलेले होते. अक्कलकुवा म्हणाला, माझं पुटपुटणं आधी संपलं. निकाल लागेना तेव्हा ठरलं की सगळ्यांनी सगळ्यांचंच फेडून टाकायचं, उगाच कुणाची थकबाकी नको. ऐन परीक्षेच्या तोंडावर खोलीला कुलूप लागलं.

परतल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं.

‘काल कुठे होतास?’

‘देवमोगऱ्याला, सर.’

‘तू तर प्रकाशाचा. तुझं काय काम तिथे?’

‘ओटीपी आला ना, सर.’

‘तुझा?’

‘काठीचा.’

‘मग नवापूर कुठे होता?’

‘कोंबडा धरायला कुणीतरी हवं ना, सर.’

‘आणि अक्कलकुवा?’

‘मोटारसायकल त्याची.’

सरांनी खांबाला हात टेकवला. ‘बरं. काठी अजून का नाही आला?’

‘तो तिथून परस्पर घरी गेला, सर. त्याचे वडील टेकडीला नारळ बोलले होते.’

‘त्या टेकडीवर देव कोणता आहे?’

‘देव नाही, सर. रेंज आहे.’

सर थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी पाकिटातून पन्नासची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली.

‘त्याला फोन लागला तर सांग, एक माझ्याही नावाचा फोडायला. मानधनाचं बिल दिवाळीपासून अडकलंय.’